लादीखालची ऊब

१

शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सेला जाण्याआधी हेलन मच्याडो आपल्या मुलाच्या खोलीची लादी पुसून घेई. खोलीत आता कुणी राहत नव्हतं. पण बहारीनची धूळ मैद्यासारखी बारीक, बंद काचांतूनही वाट काढणारी. आणि धूळ नसती तरी हेलनने लादी पुसलीच असती. हाताला काम असलं की बरं. बादली, फडका, पाण्यात थोडं फिनेल. आधी पलंगाखालून, मग कपाटासमोरून, आणि मग मागे मागे सरकत दारापर्यंत.

मनामाच्या झिंज भागातल्या त्या इमारतीत मच्याडो मंडळी धाकट्या शर्लिनच्या जन्माआधीपासून राहत होती. तिथे उन्हाळ्यात रिकाम्या खोलीचाही एसी बंद करता येत नाही. केलाच, तर आठवड्याभरात गादीला बुरशीचा वास येऊ लागतो. म्हणून सॅव्हिओच्या खोलीतला एसी सतत चालू असे आणि लादी इतकी गार, की अनवाणी पायांना झोंबावी.

जुलैतल्या एका शुक्रवारी पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेत तिचा पाय पडला आणि तळव्याला ऊब लागली.

तिने पाय काढून घेतला. पुन्हा ठेवला. लादी तापलेली नव्हती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर अंथरूण जसं लागतं, तशी लागत होती.

हेलन मनामाच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. आजाऱ्याच्या कपाळाला लावावी तशी तिने हाताची मागची बाजू लादीला लावली. हात पुढे नेला तशी ऊब पुढे गेली, आणि मग एका ठिकाणी एकदम संपली. पलीकडे पुन्हा गारठा.

खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, ऊन त्या खोलीत कधी येतच नसे. मग गरम पाण्याचा पाइप असेल, असं तिने मनाशी म्हटलं. उन्हाळ्यात नळालाच कढत पाणी येतं. खालून एखादी लाइन गेली असेल आणि झिरपत असेल. फडका पिळून तिने बादली उचलली. चर्चला उशीर होत होता.

२

सॅव्हिओ लिस्बनला हॉटेल मॅनेजमेंट शिकत होता. वसईच्या मच्याडोंचा पोऱ्या पोर्तुगालला शिकायला गेला, याचं त्याच्या बापाला, कॉर्नेलियसला, कोण कौतुक. आदल्या वर्षीच्या सुट्टीत सॅव्हिओ दोन मित्रांबरोबर अझोर्सला गेला. ती अटलांटिकच्या मधोमध ज्वालामुखीतून वर आलेली बेटं. तिथल्या एका खडकाळ खाडीत जमिनीतून निघणारं कढत पाणी समुद्राला मिळतं. खडकांना दोर बांधलेले असतात, ते धरून लोक कोमट लाटांत बसून राहतात. एक मोठी लाट आली आणि ओसरली. मित्रांच्या हातांत त्यांचे दोर होते. सॅव्हिओचा दोर पाण्यावर नुसता हलत होता.

बोटींनी शोधलं, कोळ्यांनी शोधलं. काही मिळालं नाही.

पुरायलाच काही नव्हतं, त्यामुळे माती देणं झालं नाही. मनामाच्या चर्चमध्ये मिस्सा झाली, बहारीनमधली वसईची झाडून सगळी माणसं आली, हेलनला मिठी मारून रडली. हेलन रडली नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात आणि ओठ आपला असून आपला वाटत नाही, तसं तिला आतून झालं होतं. तिला वाटलं, उतरेल हळूहळू. ते उतरलं नाही. ती ड्युटीला जात होती, जेवण करत होती, लोकांशी नीट बोलत होती.

वर्ष भरलं तेव्हा तिघं त्या बेटांवर गेली. कॉर्नेलियसचाच हट्ट होता. बेट हिरवंगार निघालं. रस्त्यांच्या कडेला निळ्या फुलांची कुंपणं, उतारांवर गाई, काळ्या दगडाची पांढरी रंगवलेली चर्चं, आणि सगळ्यावर येऊन-जाऊन असणारं धुकं. खाडीत त्यांनी फुलं सोडली. लाटेने ती थोड्याच वेळात पुन्हा खडकावर आणून टाकली. शर्लिनने ती गोळा केली आणि मग त्यांचं काय करायचं ते न सुचून बॅगेत ठेवली.

गावातल्या सिमेटरीत कॉर्नेलियस थडग्यांवरची नावं वाचत फिरला. परेरा, मच्याडो, पुन्हा मच्याडो. सगळ्या मच्याडोंना जागा मिळालेली. 

दुसऱ्या दिवशी ते एका तळ्याकाठी गेले. तिथे जमिनीतून वाफा निघतात. गावातली माणसं मटण, कोबी, बटाटे भरलेली मोठी पातेली पहाटे त्या मातीत पुरतात आणि दुपारी आकड्यांनी वर ओढून काढतात. प्रवाशांची गर्दी जमलेली. मातीच्या ढिगाखालून रटरट ऐकू येत होती. एक पातेलं वर आलं, झाकण निघालं, सगळ्यांनी फोटो काढले.

कॉर्नेलियस त्या रिकाम्या खड्ड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघ हेलन. इथं पुरलेलं गार होत नाही."

तो गर्दीपासून थोडा बाजूला गेला आणि चांगल्या कपड्यांनिशी जमिनीवर आडवा झाला. गाल मातीला टेकवून. लोक बघत होते. हेलनने त्याला ऊठ म्हटलं, तो म्हणाला, थोडा वेळ. पुढचे दोन्ही दिवस तो तिथेच गेला. शेवटच्या दिवशी शर्लिनही कानांत गाण्याच्या वायरी घालून त्याच्या शेजारी पडली. हेलन तिघांच्या पिशव्या धरून उभी होती. तिनेही वाकून जमिनीला हात लावून पाहिला होता. मुलाला कणकण असावी एवढीच ती ऊन होती. बाकी तिला काही वाटलं नव्हतं.

३

लादीचं तिने कॉर्नेलियसला त्याच शुक्रवारी जेवताना सांगितलं. तो झल्लाकच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये मेंटेनन्सला होता. तिथले सगळे एसी, पंप, पाइप त्याच्या हाताखाली. तिला वाटलं, तो लगेच हत्यारं घेऊन उठेल.

तो भात कालवत राहिला. "मला माहीत आहे," तो म्हणाला.

कधीपासून, हे तिने विचारलं. तिकडून आल्यापासून, असं तो म्हणाला. मग पाइप बघून घे, असं ती म्हणाली. तो बरं म्हणाला.

दोन-चार दिवसांनी ती दुपारी ड्युटीवरून आली तर त्याचे बूट दारात होते. तो सॅव्हिओच्या खोलीत त्या जागेच्या कडेला, लादीवर कुशीवर झोपलेला होता. पलंग रिकामा. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की हेलनने दार हळूच ओढून घेतलं. माणसाला वर्षभर झोप नसते, मग कुठेतरी ती लागते. ती कुठे लागावी, हे का आपल्या हातात असतं. वॉर्डात तिने माणसं संडासाच्या दाराशी झोपलेली पाहिली होती.

दार ओढताना तिला आवाज आला. एसीचाच असणार. पण एसीचा आवाज वरून येतो.

४

खालच्या मजल्यावर, बरोबर त्या खोलीखाली, रत्नागिरीकडची शमा राहायची. तिचा नवरा नझीर बाजारात मसाल्याचा धंदा करी, आणि लाईबा नावाची त्यांची मुलगी शाळेत होती. ऑगस्ट लागला आणि हवा दमट झाली तेव्हा शमाच वर आली. दारातच उभी राहून संकोचत म्हणाली, की लाईबाच्या खोलीत छतातून पाणी ठिबकतंय, जरा बघाल का.

हेलनला एकदम हलकं वाटलं. पाइपच होता तर.

ती खाली गेली. लाईबाचा पलंग बाजूला ओढून घेतला होता आणि जमिनीवर पातेलं ठेवलं होतं. छत फुगलेलं नव्हतं, रंगाला पोपडे नव्हते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा घाम छताला सुटला होता. हेलन स्टुलावर चढली. बोटं टेकवताच तिने हात मागे घेतला. छत बर्फाच्या ट्रेसारखं गार होतं.

"तुमच्या एसीचा झोत लागत असेल," ती म्हणाली.

"एसी त्या भिंतीला हाय, हेलनबाय." शमाने हाताने दाखवलं. मग थोडं थांबून तिने विचारलं, "वरती तुमी कपड्यांची मशीन ठेवलीय काय? दुपारची चालू असते."

"मशीन किचनमध्ये आहे आमची. का?"

"आवाज येतो. रटरट, रटरट. मटण शिजत ठेवल्यावानी." शमा कसनुशी हसली. "लाईबा त्या खोलीत झोपायला तयार नाय. म्हनते, थंडी वाजते. भर ऑगस्टात थंडी."

नातूराला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला सांगते, असं म्हणून हेलन जिना चढू लागली. चढता चढता तिला मुलं लहान असतानाचा कॉर्नेलियस आठवला. एसी थंडी बनवतो का, असं सॅव्हिओने विचारलं होतं. कॉर्नेलियसने त्याला खिडकीशी नेऊन बाहेरच्या युनिटमधून निघणारी गरम हवा दाखवली होती. थंडी कुणी बनवत नाही रे, तो म्हणाला होता, एका जागची ऊब काढून दुसरीकडे नेतात, एवढंच.

तिला वरच्या खोलीत गेल्यावर ते आठवायचं नव्हतं. नातूराने येऊन छत पाहिलं, उन्हाळा संपेपर्यंत असंच राहील म्हणाला आणि गेला.

५

तरी तिने एकदा सगळं नीट पाहायचं ठरवलं. ऊब नेमकी कुठवर आहे ते कळलं, की पाइप कुठून कुठे जातो तेही कळेल, असा साधा हिशेब. एका सकाळी घरात कुणी नव्हतं. तिने हॉस्पिटलातली कागदी चिकटपट्टी घेतली, सलाइनची सुई हातावर चिकटवतात ती, आणि गुडघ्यांवर बसली. डावा हात लादीवरून फिरवायचा, ऊब संपते तिथे उजव्या हाताने पट्टीचा तुकडा लावायचा. काम सोपं होतं. ऊब आणि गारठा यांच्या मधली कड अगदी स्पष्ट होती, कापडाच्या काठासारखी.

पाइप असता तर पट्टा सरळ गेला असता. हा सरळ जात नव्हता. कपाटाकडे रुंद होत होता, मग आत वळत होता, मग पुन्हा बाहेर. मध्ये एका ठिकाणी तो अरुंद झाला आणि लगेच गोल झाला. हेलन तुकडे लावत गेली. जवळून बघताना माणसाला आकार कळत नाही.

सगळं जोडून झाल्यावर ती पलंगावर चढून उभी राहिली आणि खाली पाहिलं.

कुणीतरी कुशीवर झोपलेलं होतं. गुडघे पोटाशी घेतलेले, मान खाली घातलेली, एक हात डोक्याखाली.

 पहिला विचार तिच्या मनात आला तो असा, की सॅव्हिओ कधीच असा झोपत नसे. लहानपणापासून तो पालथा झोपायचा, हातपाय पसरून, कितीदा तिने त्याला सरळ केलं होतं. मग तिने स्वतःलाच समजावलं, की वाटेल तिथे आकार दिसतात. लोकांना ढगांत दिसतात, भिंतीवरच्या ओलीत दिसतात. तिने खाली उतरून सगळ्या पट्ट्या काढल्या आणि त्यांचा बोळा करून केराच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी तिने कॉर्नेलियसला एवढंच विचारलं, की सॅव्हिओ कसा झोपायचा ते आठवतं का.

त्याला ती का विचारते ते कळलं. "पालथा," तो म्हणाला. "पण पाण्यात माणूस कसा झोपतो, हे आपल्याला काय माहीत."

६

त्याच सुमारास कॉर्नेलियसला ताट देताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि तिने ताट पुन्हा टेबलावर ठेवलं. त्याचा हात मासळीसारखा गार होता. ताप मोजायचं यंत्र तिने त्याच्या कानाला लावलं. आकडा इतका खाली आला, की वॉर्डात असता तर तिने धावत डॉक्टरांना बोलावलं असतं. यंत्र बिघडलं समजून तिने हॉस्पिटलातून दुसरं आणलं. त्यानेही तेच दाखवलं.

रक्त तपासलं, हृदय तपासलं. सगळं ठीक निघालं. माणूस हिंडताफिरता होता, पोटभर जेवत होता. झल्लाकच्या रिसॉर्टच्या गच्चीवर दुपारच्या उन्हात, तरुण पोरं चक्कर येऊन पडायची तिथे, तो तासन्‌तास यंत्रांपाशी उभा असे आणि शर्टाला घामाचा थेंब नसे. आता उन्हाचा त्रासच होत नाही, असं तो खुशीत सांगायचा.

ती एकदाच भांडल्यासारखं बोलली. तुमच्याकडे कामावर भिंतीमागचा गरम-थंड पाइप दाखवणारा कॅमेरा आहे ना, तो आण आणि एकदाचं बघ, असं तिने बजावलं. त्याने तो आणला. पिवळ्या रंगाचा, पिस्तुलासारखी मूठ असलेला. तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. हेलन बाहेर हॉलमध्ये शर्लिनच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिने सगळे कपडे संपवले, इस्त्री गार झाली, तेव्हा तो बाहेर आला.

पाइप नाही, असं त्याने सांगितलं.

तिने कॅमेरा मागितला. बॅटरी संपली म्हणून त्याने तो हॉलमधल्या कपाटावर ठेवून दिला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते, पण चेहरा शांत होता. तिने पुढे काही विचारलं नाही. न विचारण्याची तिला सवय होऊन गेली होती. शिवाय तिने त्याच्या बॅगा, बूट, कोटाचे खिसे आधीच चाचपले होते. तिकडचा एखादा दगड, मूठभर माती, काहीतरी सापडेल आणि ते उचलून बाहेर टाकता येईल, असं तिला वाटलं होतं. काही सापडलं नव्हतं.

७

शर्लिन कॉलेजात होती. घरातलं मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर नेहमी इंग्रजीत. भाऊ गेल्यापासून तीही फारसं बोलत नसे. आपल्या खोलीत असे, नाहीतर मैत्रिणींकडे. हेलनने तिला लादीचं काही सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट सरता सरता एका दुपारी हेलन घरी आली. शर्लिनच्या चपला होत्या, शर्लिन नव्हती. हाक मारली, उत्तर नाही. सॅव्हिओच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

पोरगी जमिनीवर झोपली होती. गुडघे पोटाशी, मान खाली, एक हात डोक्याखाली. तंतोतंत. हेलनने तिच्या गालाला हात लावला. आयुष्यभर तिने खूप जणांच्या गालांना हात लावला होता, आणि त्यातला कुठला गाल असा लागतो हे तिला चांगलं माहीत होतं. ओठ पांढरे पडले होते. तिने मनगट धरलं. नाडी होती, पण फार सावकाश.

"शर्लिन. ऊठ बाय."

शर्लिनने डोळे उघडले नाहीत. लहान मुलासारख्या जड आवाजात ती म्हणाली, "दार लाव ना गं. वारा येतोय."

ती मराठीत बोलली. बालवाडीत जायला लागल्यापासून ती आईशी मराठीत बोलली नव्हती.

हेलनने तिला काखेत हात घालून उठवलं, ओढत दाराबाहेर आणलं, होती तशीच लिफ्टने खाली नेलं आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसवलं. गाडीची सीट चटका बसेल इतकी तापलेली. एसी न लावता, काचा बंद करून दोघी बसून राहिल्या. शर्लिन कुडकुडत होती. खूप वेळाने तिच्या कपाळावर घाम आला आणि मग ती रडायला लागली.

"आय वॉज सो हॅपी, मम्मी," ती म्हणाली. "व्हाय डिड यू वेक मी?"

हेलनने गाडी सुरू केली. पूल ओलांडून ती मुहर्रकला आली आणि तिथून अरादला, धाकट्या बहिणीकडे. सिल्व्हियाने दार उघडलं. घरचा एसी बिघडलाय, शर्लिनला थोडे दिवस ठेव, असं हेलनने सांगितलं. सिल्व्हियाने भाचीचा चेहरा पाहिला आणि जास्त खोलात शिरली नाही. तूही राहा इथेच, असं ती म्हणाली.

"कॉर्नेलियसला घेऊन येते," हेलन म्हणाली.

८

इमारतीखाली कॉर्नेलियसची गाडी होती. ऊन अजून पांढरंफटक होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घरात एसीचा आवाज येत होता आणि त्याखाली तो दुसरा, दबका, झाकण ठेवल्यासारखा. शमा खोटं बोलत नव्हती.

तो खोलीत भिंतीकडे पाठ करून लादीवर पडला होता. ती आत गेली नाही, उंबऱ्यातच थांबली.

"शर्लिनला कुठे नेलंस?" त्याने विचारलं. आवाज रोजचाच होता.

"सिल्व्हियाकडे. ती गार पडली होती, कॉर्नेलियस. तूही पडतोयस. ऊठ, मी तुला न्यायला आलेय."

"आणि याला?"

 मग इतके दिवस मनात होतं ते तिने विचारलं. "हा आपला सॅव्हिओ आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

 त्याने हात लांब करून लादीवर ठेवला, पांघरूण सारखं करावं तसा.

"कुणाचा तरी असेलच ना," तो म्हणाला.

ती वळून हॉलमध्ये आली. कपाटावरून कॅमेरा काढला आणि बटण दाबलं. बॅटरी भरलेली होती. ती पुन्हा उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि कॅमेरा समोर धरला.

पडद्यावर सगळी खोली गडद निळी होती. भिंती, पलंग, कपाट, सगळं. लादीच्या मधोमध तो आकार होता, निखाऱ्यासारखा लाल-पिवळा. पट्ट्यांनी आखला होता त्याहून कितीतरी स्पष्ट. पोटऱ्या कळत होत्या, कोपर कळत होतं. पाठ संथपणे वरखाली होत होती.

त्याच्या शेजारी कुणीच नव्हतं.

तिने कॅमेऱ्यावरून नजर उचलून पाहिलं. कॉर्नेलियस होता; चौकड्यांचा शर्ट, विरळ झालेले केस, गळ्यातला क्रूस. पुन्हा पडद्यात पाहिलं. तिथे लादी होती, निळी. माणसाची साधी रेघसुद्धा नव्हती.

तिने आपला डावा हात भिंगासमोर धरला. तळवा फिका हिरवा दिसला. बोटं दिसली नाहीत. दर शुक्रवारी याच हाताने फडका फिरवला होता. तिला घाबरायला हवं होतं आणि ती वाट बघत राहिली, की आता भीती येईल. आली नाही.

"ये," कॉर्नेलियस म्हणाला आणि भिंतीकडे सरकला.

पडद्यावर तो आकारही हलला. झोपेतलं मूल आई येऊन बसल्यावर सरकतं तसा, हळूच, दुसऱ्या बाजूला. मध्ये एक अरुंद निळी जागा उरली. कुशीवर झोपलं तर बाईमाणूस मावेल, एवढी. मग डोक्याच्या जागचा तो लालबुंद गोळा वर वळू लागला, तिच्याकडे. एक बाजू दिसली, तिथे गालाचा उतार होता, आणि उतार संपत होता तिथून पुढे—

हेलनने बटण दाबून कॅमेरा बंद केला. खोलीत नुसती स्वच्छ पुसलेली लादी होती आणि तिच्या कडेला पडलेला तिचा नवरा.

तिच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. शर्लिन होती. आवाज बराच बरा वाटत होता. मम्मी-डॅडी कधी येताय, आन्टीने फिश फ्राय केलाय, असं ती इंग्रजीत विचारत होती. मागे सिल्व्हियाच्या किचनमधली भांडी वाजत होती, टीव्ही चालला होता, कुणीतरी कुणाला पाणी मागत होतं.

"तू जेवून घे, बाय," हेलन म्हणाली. "आमची वाट बघू नको."

शर्लिनने का म्हणून विचारलं. मग पुन्हा विचारलं, आणि मग नुसतीच मम्मी, मम्मी अशी हाक मारत राहिली. हेलन फोन कानाशी धरून ऐकत होती. ताटं मांडल्याचे आवाज, सिल्व्हियाचं काय झालं काय झालं, सगळं ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. पलीकडून फोन कट झाला.

मग ती आत गेली.